मिशिगनच्या घटनेतलं 2004 चं विवाहबंदीचं कलम: मेलेलं म्हणून सोडून द्यायचं का?

नोव्हीकर

"आता तो विषय संपला," असं आमच्या ग्रुपवर तिघाचौघांनी लिहिलं, म्हणून हा धागा काढतोय.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंटकीच्या माजी काउंटी क्लार्क (विवाहाचं लायसन्स देणाऱ्या स्थानिक अधिकारी) किम डेव्हिस यांची समलिंगी विवाहाचा निकाल फिरवण्यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाच घेतली नाही. त्यामुळे समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा 2015 चा ओबर्गफेल निकाल जागेवर आहे, हे खरं. पण राज्यांमधली खटपट थांबलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये आयडाहोच्या कनिष्ठ सभागृहाने 'हा निकाल फिरवा' असं न्यायालयाला सांगणारा ठराव 46 विरुद्ध 24 मतांनी मंजूर केला. पुढच्याच महिन्यात आपल्या मिशिगनमध्ये काही रिपब्लिकन आमदारांनी तसाच ठराव मांडला. असले ठराव कोणावर बंधनकारक नसतात, म्हणून लोक हसून सोडून देतात.

मी सोडत नाही, कारण मिशिगनच्या घटनेत 2004 च्या सार्वमताने घातलेलं कलम अजून तसंच आहे. एक पुरुष आणि एक स्त्री यांचं नातं हाच 'विवाह किंवा तत्सम संबंध म्हणून कोणत्याही कारणासाठी' मान्य होणारा एकमेव करार, असं त्यात लिहिलंय. ओबर्गफेल उद्या गेला तर नवा कायदा करायची गरजच नाही. बंदी तयार आहे, फक्त झोपलेली आहे. तेव्हा ठरावाला विरोध करायचा आणि हे कलमही काढायला लावायचं, असं माझं म्हणणं. तुमचं?

दादासाहेब_ट्रॉय

नोव्हीकर, 2004 मध्ये मी नुकताच इथला नागरिक झालो होतो. आयुष्यातलं इथलं पहिलं मत, आणि त्या प्रस्तावाला मी 'हो' म्हटलं. लपवायचं काय त्यात? माझ्यासारखे सुमारे 27 लाख होते, 59 टक्के. त्या दिवशी अकरा राज्यांत असे प्रस्ताव आले आणि अकराही ठिकाणी मंजूर झाले. ती सगळी माणसं कोणाचा द्वेष करत होती असं म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा.

माझा मुद्दा साधा आहे. लग्न म्हणजे काय, हे लोकांनी ठरवायचं की पाच न्यायाधीशांनी? ओबर्गफेल 5 विरुद्ध 4 असा लागला. त्याआधी, नोव्हेंबर 2014 मध्ये, सहाव्या सर्किटच्या (मिशिगन ज्याखाली येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) न्या. सटन यांनी आपल्याच राज्याच्या खटल्यात म्हटलं होतं की हा बदल व्हायचा तर राजकारणाच्या नेहमीच्या वाटेने, लोकांमधून होऊ द्या. त्यांना कोणी माथेफिरू म्हणत नाही. मग आमदारांनी तेच मागितलं तर एवढा गहजब का?

नोव्हीकर

लोकांनी ठरवावं, मान्य. पण दादासाहेब, 2004 मध्ये लोकांना सांगितलं काय होतं ते आठवतं का? समलिंगी विवाहाला बंदी करणारा साधा कायदा मिशिगनमध्ये 1996 पासून होताच. मग घटनादुरुस्ती कशाला, असं विचारलं की प्रचारवाले म्हणायचे, हे फक्त लग्नाबद्दल आहे, कोणाच्या नोकरीतल्या सवलतींना धक्का लागणार नाही.

निवडणूक झाली. 2005 च्या मार्चमध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (सर्वोच्च सरकारी वकिलांनी) मत दिलं की कलामझू शहर आपल्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना आरोग्यविमा देतं, ते या कलमात बसत नाही. 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी त्यावर शिक्का मारला. आधार कोणते शब्द? 'तत्सम संबंध' आणि 'कोणत्याही कारणासाठी'. पालिका आणि सरकारी विद्यापीठं यांच्या विमा योजनेतून 'जोडीदार' हा रकानाच गेला. काही विद्यापीठांनी मग 'घरात राहणारी इतर प्रौढ व्यक्ती' अशी नवी व्याख्या करून पळवाट काढली. म्हणजे माणूस तोच, बिछाना तोच, पण अर्जावर त्याला बिऱ्हाडकरू म्हणायचं!

तुम्ही मत दिलंत ते लग्नाच्या व्याख्येला. कापला गेला तो कोणाच्या तरी डायलिसिसचा विमा.

दादासाहेब_ट्रॉय

डायलिसिस वगैरे तुमची फोडणी. बाकी शब्द सैल होते हे कबूल. कायद्याचा मसुदा वाईट होता याचा अर्थ लोकांचा हक्क वाईट असा होत नाही.

कुंदा_के

मी नर्स आहे, म्हणून दोन नर्सांबद्दल लिहिते. एप्रिल डीबोअर आणि जेन राऊस, हेझल पार्कच्या. दोघींनी विशेष गरजा असलेली मुलं दत्तक घेतली. आता मिशिगनचा कायदा असा की दत्तक एकट्याने घ्या नाहीतर नवरा-बायकोने. लग्न न झालेल्या दोघांना एकत्र घेता येत नाही. आणि या दोघींना तेव्हा लग्न करता येत नव्हतं. त्यामुळे काही मुलं कागदावर एकीची, काही दुसरीची. एका आईला काही झालं तर तिच्या नावावरच्या मुलांवर दुसरीचा काडीचा हक्क नाही, मग तिने रात्र रात्र जागून औषधं दिलेली असोत.

2012 मध्ये त्या कोर्टात गेल्या त्या फक्त दत्तकविधानाचा नियम बदला म्हणून. न्या. फ्रीडमन यांनीच सुचवलं की मूळ अडचण विवाहबंदीची आहे, तिला आव्हान द्या. हे न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्ष रीगननी नेमलेले, बरं का. 2014 मध्ये रीतसर साक्षीपुरावे झाले. समलिंगी पालकांकडे मुलं नीट वाढत नाहीत असं सांगायला राज्याने आणलेल्या समाजशास्त्रज्ञाची साक्ष त्यांनी विश्वास ठेवण्याजोगी नाही म्हणून बाजूला सारली. 21 मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी निकाल. शनिवारी चार काउंटींच्या क्लार्कांनी सुट्टीच्या दिवशी कचेऱ्या उघडल्या आणि त्या एका दिवसात तीनशेहून जास्त जोडप्यांनी लग्नं लावून घेतली. संध्याकाळी स्थगिती आली, खिडकी बंद. नंतर याच खटल्यात बंदी कायम ठेवणारा सटनसाहेबांचा निकाल आला, आणि मग हा खटला ओबर्गफेलमध्ये सामील झाला.

त्या दोघींच्या वकिलांपैकी एक म्हणजे डेना नेसल. पुढे 2018 मध्ये त्या राज्याच्या ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आल्या. लोकांनीच निवडून दिलं, दादासाहेब.

गप्पिष्ट

च्यायला, इथे मतदानाचा हक्क किती जणांना आहे? निम्मे लोक एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची वाट बघत म्हातारे होतायत. आपण या भानगडीत का पडायचं?

रानजाई

@गप्पिष्ट, कारण व्हिसावर आलेल्यांचाच यात जीव अडकलेला असतो. माझ्या ओळखीत पुण्याच्या दोन मुली आहेत. भारतात लग्न शक्य नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे संसदेने बघावं. संसद बघत नाही. एकीला इथे नोकरी लागली, दुसरी एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आली ती केवळ 'पत्नी' म्हणून. त्याला लागतो विवाहाचा दाखला. तो त्यांना इथल्या काउंटी क्लार्ककडे मिळाला, वीस डॉलर फी आणि तीन दिवस थांबून. 2004 चं कलम जागं झालं तर तो क्लार्क पुढच्या जोडीला हात जोडेल.

दादासाहेब_ट्रॉय

रानजाई, अर्धीच गोष्ट सांगताय. डिसेंबर 2022 मध्ये बायडन यांनी विवाहसन्मान कायद्यावर सही केली. त्यानुसार एका राज्यात रीतसर झालेलं लग्न दुसऱ्या राज्याला मानावंच लागतं, केंद्र सरकारलाही. म्हणजे ओबर्गफेल गेला तरी शिकागोला जायचं, लग्न करायचं, परत यायचं. चार-पाच तासांचा रस्ता. व्हिसाही मिळेल. एवढ्यासाठी घटना बदलायची?

कुंदा_के

ओबर्गफेल हे नाव कोणाचं ते माहीत आहे ना? जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर, सिनसिनाटीचे. आर्थरना एएलएस (स्नायू निकामी करत नेणारा असाध्य आजार) झालेला, अंथरुणातून उठता येत नव्हतं. ओहायोत बंदी. जुलै 2013 मध्ये मित्र-नातेवाइकांनी पैसे जमवून वैद्यकीय विमान भाड्याने घेतलं, बाल्टिमोरच्या विमानतळावर ते उभं राहिलं, आणि विमानातच, स्ट्रेचरशेजारी लग्न लागलं. खाली उतरलेही नाहीत, तसेच परत. ऑक्टोबरमध्ये आर्थर गेले. भांडण कशावरून होतं? मृत्यूच्या दाखल्यावर 'हयात जोडीदार' म्हणून नाव लागावं एवढ्यावरून.

शिकागोचा रस्ता धडधाकट माणसाला चार-पाच तासांचा. मी ज्या वॉर्डात काम करते तिथल्या पेशंटला तो नसतोच.

शास्त्रीबुवा

मी इथे हौसेने लग्नं-मुंजी लावतो, माझा प्रश्न वेगळा आहे. विवाह हा आमच्यासाठी संस्कार. कन्यादान, सप्तपदी, सगळे मंत्र वधू-वरांसाठी आहेत. उद्या मी नाही म्हटलं तर मला कोर्टात खेचतील ना? ही भीती खोटी आहे का?

नोव्हीकर

बुवा, भीती समजते, पण आधार नाही. दादासाहेबांनी सांगितलेल्या त्याच 2022 च्या कायद्यात लिहिलंय की धार्मिक संस्थांना आणि त्यांच्या लोकांना असा विधी करण्याची सक्ती नाही. ओबर्गफेलला दहा वर्षं होऊन गेली, कॅथलिक चर्च अशी लग्नं लावत नाही आणि कोणी लावायला लावलेलीही नाहीत. तुमच्या मंत्रांना काउंटीचा क्लार्क हात लावत नाही. तुम्ही त्याच्या रजिस्टरला लावू नका, एवढंच मागणं.

आणि संस्काराचं म्हणाल तर आपल्याकडे 1946 पर्यंत सगोत्र विवाह हिंदू कायद्यात वैध नव्हता. तेव्हाही धर्म बुडणार होता.

दादासाहेब_ट्रॉय

सापडलात! 1946 मध्ये तो बदल कोणी केला? कायदेमंडळाने. कोर्टाने नव्हे. तेच मी सकाळपासून सांगतोय.

नोव्हीकर

मग माझ्याच बाजूला या की! 2004 च्या कलमाने नेमकं कायदेमंडळालाच बांधून ठेवलं. मिशिगनच्या आमदारांना उद्या बहुमताने समलिंगी विवाहाला मान्यता द्यावीशी वाटली तरी देता येत नाही. साध्या कायद्याने 'तत्सम संबंध'ही मान्य करता येत नाही. आधी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग सार्वमत. नाहीतर गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या दहा टक्के इतक्या सह्या गोळा करा, आणि मग सार्वमत. 'लोकांच्या प्रतिनिधींना ठरवू दे' म्हणणाऱ्याने या कलमाच्या विरोधात सगळ्यात पुढे उभं राहायला हवं. न्यायालयावर राग असेल तर असू दे. 2022 चा कायदा सिनेटमध्ये 61 विरुद्ध 36 ने झाला, त्यात बारा रिपब्लिकन होते. ते तर निवडून आलेले होते ना?

दादासाहेब_ट्रॉय

आणि त्या निवडून आलेल्यांनी काय केलं? राज्यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचं लायसन्स द्यावंच, असं त्या कायद्यात घातलं नाही. तेवढं राज्यांवर सोडलं. माझं म्हणणं तेच. कलम काढायचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणा, मी जाऊन मत देईन. कोणतं ते सांगणार नाही. पण आमदारांनी न्यायालयाला पत्र लिहिणं हा गुन्हा नाही.

गप्पिष्ट

एक शंका. ज्यांची लग्नं झालीत, त्यांची मोडणार का?

कुंदा_के

नाही. 2022 चा कायदा आहे तोवर केंद्र सरकारसाठी ती लग्नंच राहतील. पण इथे झालेल्या लग्नाला खुद्द मिशिगन काय म्हणेल यावर वकील भांडत बसतील, कारण तो कायदा राज्यांना दुसऱ्या राज्यातली लग्नं मानायला लावतो. घरच्या राज्यातल्याबद्दल काही म्हणत नाही. तोवर मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर कोणाची सही चालेल, हे त्या त्या कचेरीतल्या माणसाच्या मर्जीवर.

शास्त्रीबुवा

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही. ठराव पुन्हा आला तर आमदारांना माझी ईमेल समर्थनाचीच जाईल.

नोव्हीकर

जाऊ द्या, बुवा. माझी विरोधाची कालच गेली. आपण दोघंही नोव्हीत, आमदार एकच.