शाहू जयंतीचा चहा: बी विंगच्या पार्किंगमध्ये

सेक्रेटरी, ए-१०२: नमस्कार मंडळी. २६ जूनला शाहू जयंती. दरवर्षीप्रमाणे सकाळी ९ वाजता फोटोला हार, नारळ, पेढे. आणखी काही सुचवायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

सी-३०१: साहेब, पाच मिनिटांत उरकतंय ते. पोरांच्या लक्षात पेढा तेवढा राहतोय. यंदा जरा मोठं करूया की.

बी-२०४: करूया, पण साउंड सिस्टीम नको. दहावीची पोरं आहेत घरात.

बी-३०३: जरा लांब लिहितोय, पण वाचा. काल दसरा चौकातनं जाताना पोरीला विचारलं, पुतळा कुणाचा? "शाहू महाराज." काय केलं त्यांनी? गप्प. चौथीत आहे. चूक तिची नाही, मीच कधी सांगितलं नाही.

६ मे २०२२ आठवतोय ना? महाराजांना जाऊन १०० वर्षं झाली, म्हणून सकाळी १० वाजता अख्खं कोल्हापूर १०० सेकंद थांबलं होतं. मी बिंदू चौकात होतो. पुढच्या रिक्षावाल्या मामांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडून उभे राहिले. मागं बसलेली म्हातारी पिशवी सावरत उतरली, तीही उभी राहिली. चपला काढा असं कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आतनं आलेलं होतं ते. आपल्या पोरांपर्यंत ते पोचायला पाहिजे, आणि नुसत्या हारानं ते पोचत नाही.

माझं म्हणणं, पोरांनी गंगाराम कांबळ्यांचा प्रसंग करावा. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेला माणूस. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. भाषण नको. पोरांनीच चहा करायचा, पोरांनीच सगळ्यांना द्यायचा.

सी-३०१: नाद खुळा! माझा पोरगा गंगाराम होईल.

ए-४०२: कल्पना छान आहे दादा. पण आम्ही नांदेडचे, इथं येऊन तीन वर्षं झाली. आम्ही काय करणार यात?

बी-३०३: वहिनी, बाहेरनं आलेल्यांनी हे गाव मोठं केलंय. गवई अल्लादिया खाँसाहेब राजस्थानचे, महाराजांनी दरबारात ठेवून घेतले. खासबागेच्या कुस्ती मैदानात पंजाबचे पैलवान लढले. तुम्ही नांदेडचं काहीतरी सांगा, आम्ही ऐकू.

ए-४०२: मग हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं सांगते. तिथंही सगळे एकाच पंगतीत जेवतात.

बी-२०४: हे बेस्ट. प्रत्येक घरानं एक जुनी वस्तू किंवा फोटो आणायचा का? आमच्याकडं केशवराव भोसले नाट्यगृहातल्या नाटकाची जुनी तिकिटं आहेत. ऑगस्ट २०२४ ला ते जळालं त्या रात्री सासरे झोपले नव्हते. तिकिटं कपाटातनं काढून बघत बसले होते.

सी-१०१: आजी सांगतीय ते टाइप करतोय. तिचे वडील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला होते. महाराजांनी १९०१ ला सुरू केलेलं पोरांचं वसतिगृह ते. आठवड्याच्या भाकरी बांधून गावाकडनं चालत यायचे. त्यांचा तांब्याचा तांब्या आहे आमच्याकडं, बुडाला ठोकून नाव घातलंय. कड एका बाजूला चेपलीय. आजी तो कुणाला हात लावू देत नाही.

सेक्रेटरी, ए-१०२: आजींना विचार, त्या दिवशी खाली आणतील का?

सी-१०१: विचारतो.

सेक्रेटरी, ए-१०२: ठरलं मग. दूध ६ लिटर सोसायटीच्या खात्यातनं. टेबलं बी विंगला लागतील, तिथल्या गाड्या २५ तारखेला रात्रीच बाहेर काढा. चहा पोरं करणार, पण गॅसजवळ एक मोठा माणूस पाहिजे.

सी-३०१: मी थांबतो.

सी-१०१: आजी म्हणतीय, "आणतो की. आदल्या दिवशी चिंचेनं घासून ठेवतो."