बायोमेडिकल की बायोटेक? लेक हट्टाला पेटलीय

देवगडची काकू:
मुलगी बारावीला, पीसीएमबी. डॉक्टर व्हायचं नाही, बायोइंजिनिअरिंगच करायचं म्हणते. शेजारीपाजारी विचारतात, पुढे काय मशीन दुरुस्त करत फिरणार? मुंबईला ठेवायचं म्हणजे पदरमोड आली, म्हणून विचारते.

खाडीकाठचा:
काकू, मी तेच करतो. मशीन दुरुस्त! बायोमेडिकल केलं, आता रत्नागिरीत राहून हॉस्पिटलं सांभाळतो.

प्रवेशाच्या फॉर्मवर बायोइंजिनिअरिंगऐवजी तुम्हाला बहुतेक दोन नावं दिसतील, बायोमेडिकल आणि बायोटेक. बायोमेडिकलमध्ये सर्किट, सेन्सर आणि जोडीला शरीरशास्त्र. बायोटेकमध्ये पेशी, एन्झाइम, फर्मेंटर (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाक्या). गणितापासून सुटका कुठेच नाही, हे तिला आत्ताच सांगा.

आता काम. मे महिन्यात एका डायलिसिस सेंटरमधून फोन, आरओचा, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा, अलार्म थांबत नाही. डायलिसिसला मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे चार तासांत एका पेशंटमागे १२० लिटर. विहीर तळाला गेलेली, खाडीचं खारं पाणी आत झिरपलेलं, आरओमधल्या मेम्ब्रेनचा (क्षार गाळणाऱ्या पडद्याचा) जीव मेटाकुटीला. बाहेर पेशंटचे नातेवाईक घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघतायत. टँकर मागवला, मेम्ब्रेन बदलली, पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या मीटरचा आकडा खाली आल्यावरच मशीन सुरू करू दिलं. एरवी खाऱ्या हवेनं सर्किट बोर्डावर चढलेलं हिरवं पुसणं, इन्फ्युजन पंप (सलाईन-औषध मोजून सोडणारा), डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) तपासणं, आणि स्टॅबिलायझरमध्ये जळालेली पाल काढणं (हे सिलॅबसमध्ये नव्हतं).

सुरुवातीचा पगार बेताचाच. आयटीतल्या चुलतभावाशी तुलना करायची नाही.

पवईची:
खाडीकाठच्यांनी एकच बाजू सांगितली. उपकरणं दुरुस्त करायची नसून नवी घडवायची असतील, तर बी.टेक.वर भागत नाही. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. तो देऊन एम.टेक. करता येतं, आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग असा विभागच आहे. कोळंबीची टरफलं आपण फेकतो ना, त्यांतून कायटोसान काढतात. रक्त थांबवणाऱ्या ड्रेसिंगमध्ये ते वापरतात. मी त्याच्याशीच झटतेय. वर्षं जातात पण, घाईचं काम नाही.

देवगडची काकू:
टरफलांचं वाचून लेक नाचायला लागलीय. नोकरी इकडे मिळेल का हो?

खाडीकाठचा:
मोजक्याच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, थोडं काम वाढेल. पण उपकरणांच्या कंपन्या मुंबई, पुणे, बंगळुरूकडे. आधी तिकडे हात बसू दे, मग परत यायचं बघा. कॉलेज ठरवताना तिथली मुलं इंटर्नशिपला कोणत्या हॉस्पिटलात जातात, ते आधी विचारा.