नुसतं 'टक्' वाजतं, गाडीचा सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरत नाही

जालनाकर: चावी फिरवली की एकदाच 'टक्'. हेडलाइट मात्र झकास. बॅटरी बदलू का?

मिस्त्री_लातूर: थांबा भाऊ. चावी फिरवून धरा, बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. 9.6 व्होल्टच्या खाली पडलं तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम. 12 च्या वरच राहिलं तर करंट कुठंतरी अडतोय. मग चावी धरूनच बॅटरीचा मायनस ते इंजिन ब्लॉक मोजा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी (मायनसला इंजिन-बॉडीशी जोडणारी) काढून घासा. प्लस ते सोलेनॉइडचा (सेल्फला करंट जोडणारा स्विच) जाड बोल्ट, तसंच मोजा.

परभणी_गॅरेज: दोन्हीकडं शून्य आलं तर सेल्फचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. न्यूट्रल, हँडब्रेक लावून, दुसऱ्याला चावी धरायला सांगून सेल्फला लाकडानं हलकं ठोका. फिरला तर बहुतेक कार्बनच. आपल्याकडं मे महिन्यात बॅटरीचं पाणीही आटतं, तेवढं बघा.