'उद्या त्याने फोन केला तर': उद्याच्या गोष्टीला 'केला' का?

प्रश्न:
माझी सून हिंदीभाषक असून वर्षभर माझ्याकडे मराठी शिकते आहे. 'उद्या त्याने फोन केला तर मला सांग' या माझ्या वाक्यावर तिने विचारले की फोन अजून यायचा आहे, हिंदीत 'करेगा तो' चालते, मग येथे 'केला' कशासाठी? शिवाय 'बाजारात गेलात तर पिशवी न्या' हे तिचे वाक्य मला खटकले, पण त्याचे कारण सांगता आले नाही.

पहिले उत्तर:
'केला' हे रूप येथे काळ दाखवत नसून क्रिया पुरी झाल्याचे दाखवते. फोन होऊन गेला असे धरून आपण त्यापुढचे बोलतो. 'तो फोन करेल' मधला 'तो' येथे 'त्याने' होतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: 'चिठ्ठी पाठवली तर', 'पत्र पाठवले तर'. ही घडण संस्कृतातल्या 'तेन कृतम्' या रचनेतून आलेली आहे.

पिशवीचे कोडेही यातच सुटते. 'गेलात तर' म्हटले की जाणे आधी आणि पुढची गोष्ट नंतर असा क्रम ठरतो, पण पिशवी तर घरातून निघतानाच घ्यावी लागते. म्हणून 'जाणार असाल तर पिशवी न्या'. कोथिंबीर बाजारात पोहोचल्यावर घ्यायची, त्यामुळे 'गेलात तर कोथिंबीर आणा' अगदी बरोबर आहे.

दुसरे उत्तर:
वरील विवेचन पटले. त्याला 'असेल' आणि 'असते' यांची जोड द्यावी. 'पत्र आले असेल तर' म्हणणाऱ्याच्या दृष्टीने ते आले किंवा नाही हे ठरून गेलेले आहे, फक्त त्याने अजून पेटी उघडून पाहिलेली नाही; 'पत्र आले असते तर' म्हणणाऱ्याला ते आले नाही हे ठाऊक आहे. व्याकरणात या दुसऱ्या रूपाला संकेतार्थ म्हणतात, आणि मला शाळेत तो हुकलेल्या पावसाच्या व बुडालेल्या पिकाच्या उदाहरणानेच शिकवला गेला. त्यामुळे तो गेलेल्या काळापुरताच आहे असा माझा कितीतरी वर्षे समज होता. पण 'तू उद्या आली असतीस तर बरे झाले असते' हे आपण सहज म्हणतो. उद्या उजाडायचा आहे, तरी ती येणार नाही हे आजच कळलेले आहे. मला हे रूप फार हळवे वाटते, कारण त्यात आग्रह सोडलेला असतो आणि इच्छा मात्र तशीच राहिलेली असते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. पिशवी आणि कोथिंबीर सुनेला लगेच उमगली. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, 'गोळी घेणार असाल तर आधी जेवून घ्या.'