मदत हवी आहे: घरामागच्या डोंगराला भेग पडली आहे, निघायचं कधी हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

पोलादपूर भागात डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर आहे. मी पुण्यात, घरी आईबाबा दोघंच. परवा बाबांचा फोन आला. परड्याच्या गडग्यापासून चाळीसेक पावलं वर डोंगराला आडवी भेग गेली आहे, दोन बोटं रुंद. आत काठी घातली तर हातभर खाली गेली. गेल्या जूनमध्ये माती घालून बुजवली होती, तीच परत उघडली म्हणतात. न्हाणीमागच्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय, पण आईच्या मते "ते काय, दरवर्षीच येतं."

पावसाळ्याच्या तोंडावर नोटीसही येते, 'सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे'. बाबा सही करतात आणि गाईला वैरण घालायला जातात. कधी व्हावे, कुठे व्हावे, यावर त्यात अवाक्षर नाही. चार महिने शाळेच्या वर्गात काढायचे का?

थोडं वाचलं आणि जास्तच गोंधळलो. केन नावाच्या संशोधकाने १९८० साली जगभरच्या दरडींच्या नोंदींवरून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचं सूत्र मांडलं. ते २४ तासांना लावलं तर १०० मिमीच्या आसपास धोका सुरू होतो. आमच्याकडे जुलैत १०० मिमीला कुणी पाऊस म्हणत नाही! दुसरीकडे इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, त्याआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिमी पडला होता, आणि वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. मग भरवसा कशावर ठेवायचा?

बाबांना फोनवर सांगता येईल असा नियम हवा आहे. अमुक झालं की उठा, गाय सोडा, निघा.

प्रतिसाद:

मी भूशास्त्र शिकवतो. तुमच्याकडे वर माती-मुरूम, खाली कातळ. पाणी मुरत जातं आणि कातळावर अडतं. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात ते वरच्या वजनामुळे. मधल्या फटी पाण्याने भरल्या की त्या पाण्याचा दाब कणांना दूर लोटतो, पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. म्हणून एका दिवसाच्या पावसापेक्षा आधीच्या तीन-चार दिवसांची बेरीज बघायची. भेग असली की पाणी मुरायचीही वाट बघत नाही, थेट आत उतरतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे कुठे धोका आहे ते सांगतात, कधी ते नाही. २०२४ मध्ये त्यांनी रोजचा अंदाज सुरू केला तो दार्जिलिंग, कालिम्पाँग, निलगिरीसाठी.

बाबांना दोन कामं सांगा. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकून रोज पावसाची उघडीप बघून टेपने अंतर मोजायचं. आणि अंगणात, पागोळ्यांपासून लांब, तोंड आणि बूड सारखंच रुंद असलेला तेलाचा पत्र्याचा डबा ठेवायचा. त्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. रोज सकाळी साडेआठला मोजून, लिहून ओतून टाका, म्हणजे तीन-चार दिवसांची बेरीज कळेल.

खुंट्यांमधलं अंतर वाढलं, झऱ्याचं पाणी अचानक बंद झालं किंवा नव्या जागी फुटलं, झाडं कलली, दारं अडकायला लागली, तर डब्यात किती आहे ते बघत बसू नका. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाटेने न उतरता आडवं बाजूला निघा. एरवीही, ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. रात्री भेग बघायला कोण जाणार? गढूळ पाणी दरवर्षीचं असेलही, पण यंदा वर भेग आहे.

धागाकर्ता:

आभारी आहे. खुंट्या ठोकल्या, अंतर ६१ सेंटिमीटर. डब्यात आज नऊ सेंटिमीटर. अलर्टच्या रात्री दोघं रस्त्यापलीकडे काकांकडे झोपतील. बाबा आधी नाही म्हणत होते, काकांच्या गोठ्यात गाईला जागा आहे म्हटल्यावर तयार झाले. आता एकच शंका: भेगेवर चिकणमाती ठासून वर ताडपत्री घातली तर पुरे, की डोंगराच्या अंगाला चरही खणायला हवा?