घरी केलेलं हॉट चॉकलेट मिक्स: बरणीत गुठळ्या, कपात वर तरंगतं, काय चुकतंय?

चमचाभर:
थंडी सुरू झाली म्हणून यंदा विकतचं न आणता घरीच हॉट चॉकलेटचं मिक्स करून ठेवलं, १ कप कोको पावडर, १ कप साखर, १ कप दूध पावडर, चिमूटभर मीठ आणि १ चमचा व्हॅनिला इसेन्स, सगळं एकत्र करून बरणीत भरलं. आठ दिवसांत बरणीत खडे झालेत, चमचा आत जात नाही. आणि करताना २ मोठे चमचे कपात घालून वरून केटलचं उकळतं पाणी ओतते तर कोको वरच तरंगतो, छोट्या गोळ्या होतात, आत कोरडी पावडर तशीच, खाली साखरेचा थर राहतो आणि चवीला एकदम पाणचट लागतं. मुलं दोन घोट घेऊन कप तसाच ठेवतात आणि मला खरंच वाईट वाटतं कारण त्यांनी मोठ्या हौसेनं मिसळायला मदत केली होती. प्रमाण चुकलंय की पद्धत? आणि हे आता टाकून द्यायचं का?

साय_साखर:
टाकू नका, वाचेल. गुठळ्या झाल्या त्या व्हॅनिलामुळे. कोरड्या मिक्समध्ये ओलं काही म्हणजे काहीच घालायचं नाही, इसेन्सचा एक चमचासुद्धा पुरतो कारण साखर आणि दूध पावडर दोन्ही ओल धरतात. व्हॅनिला प्यायच्या वेळी कपात दोन थेंब घाला. आत्ताचे खडे मिक्सरला फिरवून चाळणीतून गाळून घ्या आणि हे लवकर संपवा, पुन्हा ओल धरेलच ते.
पुढच्या वेळी साधी साखर नको, पिठीसाखर घ्या, म्हणजे तळाशी बसणार नाही. आणि सगळं एकत्र करून दोनदा चाळायचं, हा कंटाळा करू नका, कोकोच्या गुठळ्या पाकिटातच असतात त्या हातानं ढवळून मोडत नाहीत. बरणी धुतली असेल तर ती पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका, आणि वाफाळत्या कपावर बरणी धरून चमचा काढायची सवय असेल तर ती आजच सोडा, तीच वाफ आत जाते.

प्रयोगवही:
वरचं सगळं बरोबर, पण तरंगण्याचा प्रश्न वेगळा आहे, तो जरा सविस्तर लिहितो कारण माझी दोन वर्षं यातच गेली.
कोको पावडरमध्ये साधारण १० ते १२ टक्के फॅट असतं, काहींमध्ये २० च्या पुढे. त्यामुळे पाणी तिला चटकन भिजवत नाही. वरून एकदम भरपूर उकळतं पाणी ओतलं की गोळ्याचा बाहेरचा थर भिजून फुगतो (कोकोमध्ये थोडा स्टार्चपण असतो) आणि आतली पावडर बंद होऊन जाते. मग कितीही ढवळा, त्या गोळ्या फुटत नाहीत. उपाय एकच आणि तो फुकट आहे, आधी कपात मिक्स घ्या, त्यात फक्त २ चमचे गरम पाणी किंवा दूध घाला आणि चमच्याच्या पाठीने कपाच्या कडेला घोटून घोटून गुळगुळीत चकचकीत पेस्ट करा. अर्धा मिनिट लागतो. मग बाकीचं थोडं थोडं ओतत ढवळा. यानं तुमच्या आत्ताच्या मिक्सचंसुद्धा निम्मं दुखणं जाईल.
आता पाणचटपणा. दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं, म्हणजे २०० मिली दुधात बाकीचा ऐवज जवळजवळ २५ ग्रॅम. तुमचं प्रमाण कपानं मोजलेलं आहे, साखर जड आणि दूध पावडर हलकी, त्यामुळे २ चमच्यांत दूध पावडर जेमतेम ६-७ ग्रॅम येत असणार. एवढ्यात पाण्याचं दूध होणारच नाही! वजन काटा असेल तर असं करून बघा: कोको १०० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, दूध पावडर ३०० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा. एका कपाला ४० ग्रॅम, म्हणजे साधारण ४ मोठे चमचे भरून, आणि पाणी १८० मिली. एवढ्यात १३ कप होतात. ४ चमचे ऐकून जास्त वाटेल पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग दूधच आहे.
मीठ वगळू नका बरं का, खारट लागण्यासाठी नाही ते, कोकोचा कडवटपणा मिठानं दबतो आणि चॉकलेटची चव पुढे येते.

निवांत:
माझं मत थोडं वेगळं आहे. घरात दूध असेल तर मिक्समध्ये दूध पावडर घालायचीच कशाला? दूध पावडरचा एक शिजलेला वास येतो तो मला नाही आवडत, आणि फुल फॅटवाली पावडर जुनी झाली की खवट होते. मी कोको १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम आणि डार्क चॉकलेट १५० ग्रॅम असं करते, २०० मिली दुधाला २५ ग्रॅम पुरतं. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर जे तोंडात पसरतं ना ते नुसत्या कोकोनं येतच नाही.
चॉकलेट मिक्सरला लावताना मात्र जपा. ते ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि पात्याच्या उष्णतेनं लगेच चिकट लगदा होतो. तुकडे करून बंद पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायचे, मग साखरेबरोबरच भांड्यात घालून थांबून थांबून फिरवायचं, रव्यासारखं झालं की बास. पिशवी बंदच हवी, उघडं ठेवलं तर बाहेर काढल्यावर वर दव धरतं आणि पुन्हा तोच गुठळ्यांचा प्रश्न. ही बरणी गॅसपासून लांब ठेवा. मी महिनाभरात संपेल एवढंच करते.

साय_साखर:
निवांत, चव तुमचीच भारी असणार यात वाद नाही. पण चमचाभर यांना केटल आणि कप एवढ्यावर भागवायचंय असं दिसतंय, त्यांना दूध पावडरच हवी. मी त्यात २ चमचे कॉर्नफ्लोरपण घालते, छान दाट होतं.

प्रयोगवही:
कॉर्नफ्लोर केटलवाल्या मिक्सला नको! तो नीट शिजायला आणि दाट व्हायला जवळजवळ उकळीपर्यंत जावं लागतं, आणि केटलमधलं पाणी थंड कपात पडलं, त्यात पावडर मिसळली की तापमान लगेच खाली येतं. मग तो कच्चाच राहतो आणि जिभेवर खडूसारखा लागतो. पातेल्यात ढवळत एक-दोन मिनिटं उकळणार असाल तरच घाला. कपात दाटपणा हवा असेल तर दूध पावडर एक चमचा वाढवा किंवा पाणी कमी घ्या.

साय_साखर:
हो बरोबर, मी पातेल्यातच करते म्हणून मला कधी जाणवलं नाही. चमचाभर, कॉर्नफ्लोर विसरा.

चमचाभर:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्रीच बसले. जुनं मिक्स फिरवून चाळलं, त्यातलं वजन करून त्यात दूध पावडर वाढवली आणि आधी पेस्ट करून मग पाणी. एकही गोळी नाही!! वर बारीक फेस आला आणि धाकट्यानं कप चमच्यानं खरवडून खाल्ला. साखर थोडी खाली राहते अजून कारण ती साधीच होती पण ते चालेल, नवीन करताना पिठीसाखर घेईन.
अजून दोन शंका. दुकानात दोन प्रकारचा कोको दिसला, एक फिकट तपकिरी आणि एक गडद, कुठला घेऊ? आणि मुलांना झोपायच्या आधी दिलं तर चालेल ना?

प्रयोगवही:
गडद बहुतेक डच प्रोसेस असतो, अल्कलीनं त्याची आंबट बाजू कमी केलेली असते, पाकिटावर घटकांमध्ये अल्कली किंवा ५०१ असा आकडा दिसेल. पेयासाठी मला तोच आवडतो, चव मऊ आणि पाण्यात जरा सहज मिसळतो. फिकट म्हणजे नॅचरल, त्याला फळासारखा आंबटसरपणा असतो, काहींना तोच आवडतो, त्यात साखर थोडी जास्त लागते. फक्त ड्रिंकिंग चॉकलेट असं लिहिलेला डबा कोको समजून आणू नका, त्यात आधीच भरपूर साखर असते आणि मग प्रमाण सगळं बिघडेल.

निवांत:
झोपेचं म्हणाल तर कोकोमध्ये कॅफिन असतं पण थोडं, ७ ग्रॅम कोकोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास, कॉफीच्या मानानं फारच कमी. शिवाय थिओब्रोमिन (कॅफिनच्याच जातीचं, पण सौम्य उत्तेजक) असतं ते कॅफिनहून बरंच जास्त. माझी मोठी निवांत झोपते आणि धाकटी तास-दीड तास टक्क जागी, म्हणून आमच्याकडे संध्याकाळी पाच-सहालाच होतं. तुम्ही दोन दिवस लवकर देऊन फरक पडतो का बघा.

चमचाभर:
संध्याकाळीच देते मग. गडद कोको आणलाय, रविवारी मुलांना चाळायला बसवणार आहे, यावेळी व्हॅनिलाची बाटली लपवून ठेवली आहे.