पोकलेनचा हात वर टिकत नाही : मेटलच्या छोट्या मशिनी कशा दुरुस्त केल्यात? अनुभव लिहा

काल माळा आवरताना बाबांचं पोकलेन सापडलं. १:५० साइजचं, मेटलचं, पिवळं. बाबा कोकण रेल्वेच्या कामावर ऑपरेटर होते, रत्नागिरीच्या पुढे कटिंगवर, आणि काम संपताना कुणा साहेबांनी त्यांना ते दिलेलं. आमच्या टीव्हीवर असायचं, बकेट कायम खाली टेकलेली, कारण मशीन बंद करायचं तर बकेट जमिनीला टेकवूनच, हा बाबांचा नियम शोकेसमधल्या मशीनलाही. आता बूम, म्हणजे केबिनकडचा मोठा हात, वर केला की धप्पकन खाली येतो, आर्म, म्हणजे त्याच्या पुढचा बकेटवाला हात, लोंबतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, बघवेना मला ते. रात्री घेऊन बसलो. आधी वाटलं पिना ढिल्या झाल्यात, पण बूम बोटांत धरून हळूहळू हलवला तर पिन घट्टच होती, सैल झालेला तो सिलेंडर. एवढ्याशा मशीनमध्ये आत तेलबिल काही नसतं, दांडा नळीत घासून बसतो म्हणूनच बूम तोलून राहतो. मग दांडा ओढून काढला, पुसला, बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला, रात्रभर वाळवला. सकाळी बूम वर केला आणि सोडला. थांबला हो! आर्मचं अजून राहिलंय. तुम्ही कुणी असलं काही केलं असेल तर लिहा, कितीही बारीक असो.

रानजाई
नेलपॉलिश आमच्याकडे पण!! लेकाच्या जेसीबीची मागची बकेट. फक्त घाई नको दादा, मी तासाभरात हलवून बघितलं तर सगळं सालपटासारखं सुटून आलं. दुसऱ्यांदा दोन पातळ हात आणि मधे अख्खा दिवस. कुकर लावलाय, नंतर येते

सातारी_पाना
हे दुखणं खऱ्या मशीनलाही असतं. पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजले की बकेट खडखडते, ऑपरेटर येऊन म्हणतो प्ले आलाय, म्हणजे सांधा ढिला झालाय. मोठ्याला आम्ही लाइन बोरिंग करून, म्हणजे झिजलेलं भोक परत गोल कापून, नवा बुश घालतो, बाजूच्या फटीत शिम, म्हणजे पातळ पत्रा. छोट्याला पण तेच केलं, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कात्रीने बारकं वॉशर कापून, मधे चीर देऊन, बूम आणि आर्मच्या फटीत सरकवलं. पिन काढायची गरजच नाही. आणि एक, बॉडी जस्ताची म्हणून मऊ आणि पिन स्टीलची, त्यामुळे झिजतं ते भोक, लांबट होतं. जाड पिन ठोकून बसवायला जाऊ नका, भोकाभोवतीचा कान फुटतो. पुतण्याच्या डंपरचा माझ्याकडून फुटलाय, पोरगं दोन दिवस बोललं नाही माझ्याशी.

गोदाकाठ
तेल मात्र घालू नका. आमच्या आजीने प्रेमाने खोबरेल घातलं होतं नातवाच्या क्रेनला. नाशिकची थंडी, सकाळी तेल थिजलेलं तर बूम मस्त उभा, दुपारी ऊन आलं की हळूहळू खाली बसायचा. नातू म्हणे क्रेन जेवून झोपते. शेवटी कापसाने सगळं पुसून काढलं आणि पिनेवर टेफ्लॉन टेपचा एकच वेढा दिला, नळाला लावतात तीच.

पोष्टकार्ड
@गोदाकाठ क्रेन जेवून झोपते 😄😄 किती गोड. आजींना नमस्कार सांगा

मधली_आळी
पोकलेन हे कंपनीचं नाव आहे बरं का, फ्रेंच. आपल्याकडे एल अँड टी ती मशिनी बनवायची, तेव्हापासून सगळीच पोकलेन. जेसीबीचं पण तसंच, जोसेफ सिरिल बॅमफर्ड, १९४५ साली इंग्लंडात सुरू केलं.

रानजाई
आमच्या गावात तर पोकलँड म्हणतात. आले परत.

इसार_काठ
म्युनिकहून. इथे दर तीन वर्षांनी बाउमा भरतं, खऱ्या मशिनींचं प्रदर्शन, तिथे मॉडेलच्या स्टॉलवर मोठी मोठी माणसं बूम वर करून सोडून बघत असतात. मी सुपरग्लू वापरला होता, पिनेवर लावून वाळेपर्यंत हलवत राहायचं असं कुणी सांगितलेलं. सांधा झाला घट्ट, पण वाफेने शेजारची काच पांढरी धुरकट झाली. केबिन आधी काढून ठेवा नाहीतर लावूच नका. अ‍ॅसिटोनने ग्लू निघतो पण रंगही जातो.

जुनं_लोखंड
माझ्याकडचा १९६०च्या आसपासचा डोझर होता, वडिलांच्या काकांचा. ब्लेड ढिलं म्हणून उचलला तर ब्लेडचा दांडाच हातात आला, भुगा. जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल तर आतून भेगा पडत जातात, त्यावर काहीच इलाज नाही. म्हणून दुरुस्तीआधी भिंगातून बघा, बारीक भेगा, फुगवटा दिसला तर हातही लावू नका. मी तो तसाच डबीत ठेवलाय.

पोष्टकार्ड
अरेरे. वाईट वाटलं वाचून.

धागाकर्ता
@सातारी_पाना पत्रा बसला! चार वॉशर वाया गेली, पाचवं बरोबर. आई शेजारीच बसलेली, म्हणाली आर्म एवढा लांब करून ठेवू नको, बाबा ओरडले असते. आता बकेटचं रिव्हेट तेवढं डुगडुगतंय.

सातारी_पाना
वा! रिव्हेट ठोकू नका. १.६ मिमीने भोक पाडून एम२ चे, म्हणजे २ मिमी स्क्रूचे, आटे पाडा, बारका स्क्रू लावा, हवा तेवढा आवळता येतो.

रानजाई
एवढा बारका स्क्रू कुठे मिळतो? लेकाच्या रोलरला पण हवाय

मधली_आळी
पुण्यात असाल तर बोहरी आळी. नाहीतर चष्म्याच्या दुकानात विचारा, आमचा देतो चार-पाच असेच.

रानजाई
रोलरचं चाक चष्म्याच्या दुकानात घेऊन जाते उद्या 🙏